नैसर्गिक वायूचे मापन आणि देयक : घनमीटर व उष्मांक यांमधील अंतर

प्रस्तावना

मुंबईसारख्या शहरात एकाच वाहिनीतून आलेला नैसर्गिक वायू तीन निरनिराळ्या मापांनी विकला जातो. सीएनजी पंपावर तो किलोग्रॅमने मिळतो. स्वयंपाकघरातील शेगडीसाठी तो प्रमाण घनमीटरने आकारला जातो. आणि राष्ट्रीय वाहिनीवरून तो शहराच्या वेशीवर येतो तेव्हा त्याचा व्यवहार एमएमबीटीयू, अर्थात दहा लाख ब्रिटिश औष्णिक एकके, या उष्णतेच्या मापात होतो. वस्तू एकच असताना मापे तीन का, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, कायदा आणि वाणिज्य या चारही विद्याशाखा गुंतलेल्या आहेत.

धान्याचे पोते तराजूवर ठेवता येते, दूध मापाने मोजून देता येते. वाहिनीतून अहोरात्र वाहणारा वायू थांबवून मोजण्याची सोय नसते. शिवाय दाब वाढला की तो आकुंचन पावतो, तापमान वाढले की प्रसरण पावतो आणि त्याची रासायनिक घडण खाणीगणिक बदलते. त्यामुळे मोठ्या ग्राहकाच्या देयकावर छापलेला आकडा कोणत्याही एका मापीवर वाचता येत नाही. तो अनेक वाचनांवरून, गणिताने आणि उभय पक्षांनी मान्य केलेल्या गृहीतकांच्या आधारे काढावा लागतो. या साखळीच्या प्रत्येक कडीत थोडीशी अनिश्चितता असते आणि तिचा आर्थिक भार विक्रेता किंवा ग्राहक यांपैकी कोणीतरी उचलत असतो. प्रस्तुत लेखात ही साखळी मोठ्या वाहिनीपासून घरगुती मापीपर्यंत उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रमाण घनमीटर

वायूचे आकारमान सांगताना दाब व तापमान सांगितले नाही, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून व्यवहारासाठी एक संदर्भस्थिती ठरवून घ्यावी लागते. भारतात ती १५ अंश सेल्सिअस तापमान आणि १.०१३२५ बार निरपेक्ष दाब अशी आहे. या स्थितीत एक घनमीटर जागा व्यापणारा वायू म्हणजे एक प्रमाण घनमीटर होय. अमेरिकेत ६० अंश फॅरनहाइट व बहुधा प्रति चौरस इंच १४.७३ पौंड दाब धरला जातो. अभियांत्रिकी ग्रंथांत शून्य अंश सेल्सिअसचा 'सामान्य घनमीटर'ही आढळतो. शून्य अंश आणि १५ अंश या दोन संदर्भांतील फरक सुमारे साडेपाच टक्के भरतो. करारात नुसते 'घनमीटर' असे लिहिल्यास एवढी रक्कम केवळ व्याख्येच्या अभावी वादात सापडू शकते.

संदर्भस्थिती ठरली की रूपांतराचे गणित करावे लागते. समजा, वाहिनीत दाब ६० बार निरपेक्ष आणि तापमान ३० अंश सेल्सिअस आहे, व मापीतून त्या स्थितीतील एक घनमीटर वायू गेला. बॉइलच्या नियमानुसार दाबाच्या गुणोत्तराने, म्हणजे ५९.२ पट, आकारमान वाढेल. चार्ल्सच्या नियमानुसार निरपेक्ष तापमानाच्या गुणोत्तराने, म्हणजे ०.९५ पट, ते कमी होईल. या हिशेबाने सुमारे ५६ प्रमाण घनमीटर हे उत्तर मिळते, आणि ते चूक आहे.

चूक अशी की, हे दोन्ही नियम आदर्श वायूचे आहेत. ६० बार दाबाखाली मिथेनचे रेणू परस्परांच्या इतके निकट येतात की त्यांच्यातील आकर्षण दुर्लक्षिता येत नाही, आणि प्रत्यक्ष वायू आदर्श वायूपेक्षा अधिक दाटीने बसतो. हा फरक संपीड्यता गुणांकाने व्यक्त होतो. वरील स्थितीत त्याचे मूल्य साधारण ०.९० असते. त्याने भागल्यावर उत्तर सुमारे ६२ प्रमाण घनमीटर येते. म्हणजे हा गुणांक विसरला गेला तर विक्रेत्याचे सुमारे दहा टक्के नुकसान होईल. बी.एस्सी.च्या वर्गात व्हॅन डर वाल्स समीकरण शिकताना विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते वाटते. त्याच विचारातून पुढे विकसित झालेली समीकरणे आज वायूच्या प्रत्येक मोठ्या देयकामागे चालतात. अमेरिकन गॅस असोसिएशनचा 'अहवाल क्रमांक ८' आणि आयएसओ १२२१३ हे मानक यांत ती दिलेली आहेत. त्यांना दाब आणि तापमान यांबरोबरच वायूची घडणही पुरवावी लागते, कारण मिथेन, इथेन, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या रेणूंचे वर्तन सारखे नसते.

येथे आणखी एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. साधा दाबमापी वातावरणाच्या दाबापेक्षा किती अधिक दाब आहे एवढेच दाखवतो. निरपेक्ष दाब काढण्यासाठी त्यात स्थानिक वातावरणाचा दाब मिळवावा लागतो. ६० बारच्या वाहिनीत वातावरणाचा वाटा जेमतेम पावणेदोन टक्के असल्याने त्यातील किरकोळ चूक खपून जाते. घरगुती वाहिनीत मात्र जवळजवळ सर्व दाब वातावरणाचाच असतो. या मुद्द्याचे परिणाम शेवटच्या विभागात पाहता येतील.

वाहिनीवरील मापी

मोठ्या वाहिन्यांवर दीर्घकाळ राज्य केले ते ऑरिफिस मापीने. याची रचना थक्क करणारी साधी आहे. वाहिनीत आडवी बसवलेली पोलादी चकती, तिच्या मध्यभागी अचूक गोल छिद्र, आणि चकतीच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजणारी उपकरणे, एवढाच तिचा पसारा. वायू अरुंद छिद्रातून जाताना त्याचा वेग वाढतो व दाब घटतो. दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात प्रवाह असतो. चकतीत हलणारा भाग नाही, आणि छिद्राचा व्यास सूक्ष्ममापकाने मोजता येतो. म्हणून प्रत्यक्ष वायूप्रवाहावर तिचे अंशांकन न करताही केवळ भूमितीच्या आधारे तिच्यावर विश्वास ठेवता येतो. 'अहवाल क्रमांक ३' आणि आयएसओ ५१६७ या मानकांनी हा विश्वास शब्दबद्ध केला आहे.

वर्गमूळ हेच या मापीचे बळ आणि हीच तिची उणीव. दाबफरक मोजण्यात एक टक्का चूक झाली तर प्रवाहात अर्धाच टक्का चूक येते, हा लाभ. परंतु प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला की दाबफरक शंभराव्या हिश्श्यावर येतो आणि उपकरणाच्या वाचनक्षमतेखाली जातो. म्हणून कमी-अधिक मागणीच्या ठिकाणी ही मापी अडचणीची ठरते. स्पंदनशील प्रवाहात तर ती चक्क अधिक वायू दाखवते. जवळच्या कॉम्प्रेसरमुळे दाबफरक आलटून पालटून ३६ आणि १०० एकके होत आहे असे मानू. खरा प्रवाह ६ आणि १० यांच्या सरासरीइतका, म्हणजे ८ असेल. उपकरण संथ असेल तर ते आधी दाबफरकाची सरासरी ६८ घेईल आणि मग तिचे वर्गमूळ ८.२५ काढेल. ग्राहकाच्या माथी न घेतलेला तीन टक्के वायू मारला जाईल.

याउलट, चकतीच्या बहुतेक यांत्रिक दोषांचा कल विक्रेत्याच्या नुकसानीकडे असतो. छिद्राची प्रवाहाकडील कड काटेकोर तीक्ष्ण असावी लागते. धुळीने किंवा गंजाच्या कणांनी ती घासून गोलसर झाली की वायू सुलभपणे निसटतो, दाबफरक घटतो व मापी कमी वायू दाखवते. चकती उलटी बसवली गेली तरी हाच परिणाम होतो, आणि तो अधिक ठळक असतो. दाबनलिकांमधील समतोल झडप किंचित गळत असली तरीही तसेच. त्यामुळे ठरावीक मुदतीने चकती बाहेर काढून, उभय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर तपासण्याची अट करारात घातली जाते. विक्रेता या अटीबाबत आग्रही का असतो, हे वरील कारणमीमांसेवरून ध्यानात येईल.

टर्बाइन मापीत वायूच्या वेगाने पाती फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याचे विद्युत स्पंद मोजले जातात. ती मध्यम प्रवाहासाठी सोयीची आहे, परंतु घर्षणाने पाती मंदावतात.

गेल्या काही दशकांत मोठ्या वाहिन्यांवर स्वनातीत मापीने ऑरिफिसची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. तिच्यासंबंधीचा 'अहवाल क्रमांक ९' सर्वप्रथम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहिनीच्या भिंतीत तिरकस समोरासमोर बसवलेली दोन उपकरणे परस्परांकडे ध्वनिलहरी पाठवतात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी लहर लवकर पोहोचते, उलट दिशेची उशिरा. नदीत बोट हाकणाऱ्या नावाड्याचे शालेय गणित ते हेच. ध्वनीचा वायूतील वेग सेकंदाला सुमारे ४२० मीटर, वायूचा वेग १० मीटर आणि दोन उपकरणांमधील तिरके अंतर ६० सेंटीमीटर धरले, तर दोन प्रवासकालांतील फरक सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका येतो. अर्धा टक्का अचूकता हवी असेल तर हा फरक पाव मायक्रोसेकंदापर्यंत काटेकोर मोजावा लागतो. दोन्ही प्रवासकाल ज्ञात असल्याने गणितातून ध्वनीचा वेग आपोआप गळून पडतो आणि केवळ वायूचा वेग उरतो.

गळून पडलेला तो ध्वनिवेगही वाया जात नाही. वायूची घडण, दाब व तापमान यांवरून ध्वनीचा वेग किती असावा हे स्वतंत्रपणे काढता येते. मापीने मोजलेला वेग आणि हा गणिताने काढलेला वेग जुळला नाही, तर मापी, तापमापी किंवा घडणीचे विश्लेषण यांपैकी कोठेतरी दोष आहे हे कळते. स्वतःच्या प्रकृतीची वर्दी देणारी ही व्यवस्था ऑरिफिस चकतीत नव्हती. मात्र येथे दाबाच्या मापनातील एक टक्का चूक पुरती एक टक्का राहते, वर्गमूळाचा दिलासा मिळत नाही. तापमानात तीन अंशांची चूकही देयकात सुमारे एक टक्क्याची होते. सुधारलेली मापी आली म्हणजे तापमापीकडे दुर्लक्ष करता येते, असे नाही.

कोणतीही मापी असली तरी तिच्या अलीकडे ठरावीक लांबीची सरळ वाहिनी लागते. वळण घेऊन आलेला वायू पिळवटत पुढे सरकतो आणि त्याचा वेग सर्वत्र सममित राहत नाही. त्यासाठी जाळीदार प्रवाहसमकारक बसवला जातो. ही सर्व वाचने फ्लो कॉम्प्युटर नावाच्या छोट्या संगणकात जातात आणि तेथे क्षणोक्षणी प्रमाण घनमीटर मोजले जातात.

आकारमानाकडून उष्णतेकडे

ग्राहकाला आकारमान नको असते, उष्णता हवी असते. खत कारखाना हा थोडासा अपवाद, कारण त्याला वायूतील हायड्रोजनही हवा असतो. १५ अंश तापमानाला एक घनमीटर मिथेन जाळल्यास सुमारे ३७.७ मेगाज्यूल उष्णता मिळते. इथेनच्या बाबतीत हा आकडा सुमारे ६६ आणि प्रोपेनच्या बाबतीत सुमारे ९४ आहे. नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड शून्य उष्णता देतात, पण जागा मात्र व्यापतात. ९७ टक्के मिथेन, एक टक्का इथेन आणि उरलेला नायट्रोजन अशा वायूत घनमीटरला सुमारे ३७.२ मेगाज्यूल भरतात. ८५ टक्के मिथेन, ९ टक्के इथेन, ४ टक्के प्रोपेन आणि बाकी निष्क्रिय वायू असेल, तर तेच ४१.८ होतात. दोन्ही वायू 'एक घनमीटर' म्हणून विकले गेले तर एका ग्राहकाला दुसऱ्यापेक्षा १२ टक्के अधिक माल मिळेल.

हा फरक काल्पनिक नाही. मुंबई हायच्या समुद्रातून येणाऱ्या वायूमधून उरण येथे एलपीजी तसेच इथेन-प्रोपेन वेगळे काढले जातात. नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल याच इथेन-प्रोपेनवर उभे राहिले. हे घटक काढल्यावर उरलेला वायू आकारमानाने घटतो आणि उष्णतेने सौम्य होतो. दुसरीकडे दहेज येथे २००४ पासून आयात होणाऱ्या द्रवीभूत वायूची घडण तो कोणत्या देशातून आला यावर अवलंबून असते. एकाच वाहिनीजाळ्यात निरनिराळ्या उगमांचा वायू मिसळू लागल्यावर घनमीटरचा दर टिकणे कठीण होते.

उष्णता मोजण्यासाठी वायू जाळून पाहण्याची जुनी पद्धत होती. आता गॅस क्रोमॅटोग्राफ दर काही मिनिटांनी वायूचा अल्पसा नमुना घेतो, त्यातील घटक एका लांब बारीक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढतो आणि प्रत्येकाचे प्रमाण मोजतो. घटकाचे प्रमाण गुणिले त्याचे उष्मांकमूल्य, या सर्वांची बेरीज आयएसओ ६९७६ मध्ये सांगितलेल्या रीतीने केली जाते. या यंत्राचे सत्य अखेर त्याला लावलेल्या प्रमाणित वायूच्या बाटलीइतकेच असते. बाटलीच्या प्रमाणपत्रातील चूक पुढच्या प्रत्येक देयकात निमूटपणे शिरते.

येथे एक जुना गुंता आहे. मिथेन जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती थंड होऊन पाणी झाली असे धरले तर तिच्यातली सुप्त उष्णताही हिशेबात येते. हे स्थूल उष्मांकमूल्य. वाफ धुराड्यातून निघून गेली असे धरले तर उरते ते निव्वळ उष्मांकमूल्य. नैसर्गिक वायूत निव्वळ मूल्य स्थूल मूल्याच्या सुमारे ९० टक्के असते. भारतातील दरांच्या इतिहासात हा दहा टक्क्यांचा फरक वारंवार डोके वर काढतो. १ जुलै २००५ पासून वीज व खत क्षेत्रांसाठी नियंत्रित वायूचा दर हजार घनमीटरला ३,२०० रुपये झाला, तो १०,००० किलोकॅलरी निव्वळ उष्मांकमूल्याशी जोडलेला होता. हिशेब केल्यास तो एमएमबीटीयूला सुमारे ८१ रुपये पडतो. जून २०१० मध्ये हा दर एमएमबीटीयूला ४.२ डॉलर झाला, तोही निव्वळ आधारावर. नोव्हेंबर २०१४ पासून नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५.०५ डॉलर दर लागू झाला, पण तो स्थूल आधारावर. त्या वेळी चर्चेत ५.६१ डॉलर हा आकडाही होता. दोन्ही आकडे बरोबरच होते, कारण निव्वळ आधारावरचे ५.६१ म्हणजे स्थूल आधारावरचे ५.०५. परंतु ४.२ आणि ५.०५ यांची सरळ तुलना करणाऱ्याला वाढ २० टक्के वाटेल, प्रत्यक्षात ती ३३ टक्क्यांहून अधिक होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी दरांची कालश्रेणी मांडताना हा आधारबदल लक्षात घ्यावयास हवा.

अक्षरांचाही गोंधळ कमी नाही. 'एमएमबीटीयू'मधील एकेक 'एम' रोमन अंकपद्धतीतील हजाराचा, म्हणून दोन 'एम' मिळून दहा लाख. 'एमएससीएम' म्हणजे हजार प्रमाण घनमीटर. मेगावॉटमधील 'एम' मात्र एकटाच दहा लाखांचा. एकाच पानावर तिन्ही आले की वाचकाने काय समजावे?

व्याख्येतील एवढाशा फरकाने केवढा वाद उभा राहू शकतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत घडले. १९७८ च्या नैसर्गिक वायू धोरण कायद्याने वायूचे कमाल दर उष्णतेच्या एककावर बांधून दिले. एक घनफूट वायूतील उष्णता मोजताना तो वायू पाण्याच्या वाफेने संपृक्त मानायचा की कोरडा, हा प्रश्न त्यातून पुढे आला. ६० अंश फॅरनहाइटला संपृक्त वायूचा सुमारे १.७४ टक्के भाग वाफेने व्यापलेला असतो. तेवढा ज्वलनशील वायू कमी, तेवढी उष्णता कमी. प्रत्यक्ष पुरवठा कोरड्या वायूचा होतो, तेव्हा मापनही तसेच व्हावे, अशी भूमिका संघीय ऊर्जा नियामक आयोगाने घेतली. त्यामुळे त्याच घनफुटात अधिक उष्णता दिसू लागली आणि उत्पादकांना अधिक रक्कम मिळू लागली. १९८३ मध्ये वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने हा नियम अमान्य केला. कायदा करताना प्रचलित असलेली संपृक्त पद्धतच विधिमंडळाला अभिप्रेत होती, असा त्या निर्णयाचा आशय. पुढे जादा वसुलीच्या परताव्याचे आदेश निघाले. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने आयोगाची भूमिका अधिक वास्तवाला धरून होती, हे मान्य करावे लागेल. पण दर एका व्याख्येवर आणि मापन दुसऱ्या व्याख्येवर, हे न्याय्य ठरत नाही.

भारतात वायूच्या किमतीबरोबरच वाहतुकीचे शुल्कही उष्णतेवर आकारले जाते. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाली. या मंडळाने ठरवलेले वाहिनीशुल्क रुपये प्रति एमएमबीटीयू या स्वरूपात असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले एकीकृत शुल्कही तसेच आहे. यात एक सूक्ष्म विसंगती दिसते. वाहिनीची क्षमता आणि कॉम्प्रेसरचे श्रम किती वायू ढकलला यावर ठरतात, त्यात उष्णता किती होती यावर नव्हे. सौम्य वायू वाहून नेणाऱ्या वाहिनीला तेवढ्याच कमाईसाठी अधिक वायू ढकलावा लागतो. तथापि खरेदी, वाहतूक आणि विक्री एकाच एककात असण्याची सोय या विसंगतीपेक्षा मोठी मानली गेली, आणि ते योग्यच झाले.

दिवसाचा हिशेब

वायूचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. भारतातील करारांत तो सकाळी सहा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहा असा धरतात. या चोवीस तासांतील आकारमान, सरासरी उष्मांकमूल्य आणि त्यांचा गुणाकार यांची नोंद विक्रेता व ग्राहक यांच्या सहीने पक्की होते, आणि साधारणतः पंधरवड्याला देयक निघते.

देयकातील एका टक्क्याचे मोल किती, याचा अंदाज घेण्यासाठी एक मध्यम आकाराचा उद्योग घेऊ. तो रोज १० लाख प्रमाण घनमीटर वायू घेतो आणि उष्मांकमूल्य ९,००० किलोकॅलरी आहे असे धरल्यास रोजची उष्णता ३५,७१४ एमएमबीटीयू होते. दर ८०० रुपये मानला, तर रोजचे देयक सुमारे २ कोटी ८६ लाख. मापीतील एक टक्का चूक रोज २ लाख ८६ हजारांची आणि वर्षाला १० कोटी ४३ लाखांची. चूक यादृच्छिक असेल तर ती कालांतराने सपाट होते. एकाच दिशेची असेल तर मात्र ती दररोज साठत जाते, आणि कोणाच्याही सहज लक्षात येत नाही, कारण तिची तुलना करण्यासाठी दुसरा आकडा नसतो. म्हणूनच महत्त्वाच्या ठिकाणी ग्राहक स्वतःची वेगळी तपासमापी बसवतो.

वाहिनीचा मालक आपला ताळेबंद निराळ्या रीतीने मांडतो. आत आलेल्या वायूमधून बाहेर गेलेला वायू, कॉम्प्रेसरने जाळलेला वायू आणि वाहिनीतील साठ्यात झालेली वाढ वजा केल्यावर शून्य उरावयास हवे. प्रत्यक्षात काही ना काही उरते. त्याला 'बेहिशेबी वायू' म्हणतात. त्यात खरी गळती असते, पण मापींच्या चुकांचा वाटाही असतो, आणि हा आकडा कधीकधी ऋणही निघतो. वाहिनीतील साठा हा त्यातला कळीचा घटक आहे. ९० सेंटीमीटर अंतर्व्यासाच्या १०० किलोमीटर वाहिनीचे भौमितिक आकारमान सुमारे ६३,६०० घनमीटर असते. ६० बार दाबाला तिच्यात सुमारे ३९ लाख प्रमाण घनमीटर वायू मावतो. सरासरी दाब एका बारने बदलला की साठ्यात सुमारे ७० हजार प्रमाण घनमीटरचा फरक पडतो. तेव्हा वाहिनीभरच्या दाबाचा अंदाज थोडा चुकला तरी त्या दिवसाचा बेहिशेबी वायू फुगतो किंवा आटतो. एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे असते.

मापींच्या अचूकतेचा अंतिम आधार अंशांकन प्रयोगशाळा होत. केरळात पालक्काड येथील फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट ही प्रवाहमापींसाठीची भारतातील प्रमुख संस्था आहे. जर्मनीत डोर्स्टेन येथील 'पिगसार' हे केंद्र उच्चदाबाच्या नैसर्गिक वायूवरच मापी तपासते. हवेवर तपासलेली मापी ६० बारच्या वायूतही तशीच वागेल असे गृहीत धरता येत नाही, म्हणून अशा केंद्रांना महत्त्व आहे.

पंप, शेगडी आणि समुद्रसपाटी

साखळीच्या अखेरीस किरकोळ ग्राहक येतो. सीएनजीच्या पंपावर वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. दाब आणि तापमान दोन्ही क्षणाक्षणाला बदलत असल्याने तेथे आकारमानाचा हिशेब जवळजवळ अशक्य असतो. म्हणून कोरिऑलिस तत्त्वावरील मापी वापरतात. तिच्यातील कंप पावणाऱ्या नळीतून वायू गेला की नळीला किंचित पीळ पडतो, आणि त्या पिळावरून थेट वस्तुमान कळते. किलोग्रॅमला दाब व तापमान लागत नाही. इतकेच नव्हे, तर घडणीचाही त्याला फारसा उपद्रव होत नाही. एक किलो मिथेनमध्ये सुमारे ५५.५ मेगाज्यूल, इथेनमध्ये ५१.९ आणि प्रोपेनमध्ये ५०.४ मेगाज्यूल उष्णता असते. घनमीटरमागील ३७.७ ते ९४ या विस्ताराच्या तुलनेत हा फरक अत्यल्प आहे. निष्क्रिय वायूंचे प्रमाण वाढले तरच किलोग्रॅमचे माप फसवे ठरते. रिक्षाचालकाला मिळणारे माप या अर्थाने बरेच खरे आहे.

स्वयंपाकघराची स्थिती वेगळी आहे. लंडनमध्ये १८१२ साली सनद मिळालेल्या गॅस कंपनीने आरंभी दिव्यांची संख्या आणि ते जळण्याचे तास यांवर आकारणी केली. मापी नंतर आली. आजची घरगुती मापी बहुधा पडद्याची असते. तिच्यातील भात्यासारखे कप्पे आळीपाळीने भरतात व रिकामे होतात, आणि त्या फेऱ्या मोजल्या जातात. ती मोजते ते प्रत्यक्ष घनमीटर. प्रमाण घनमीटर तिला ठाऊक नसतो. शेगडीला येणारा वायू वातावरणापेक्षा सुमारे २१ मिलिबार अधिक दाबाचा असतो. मुंबईत समुद्रसपाटीला ३० अंश तापमान धरले, तर मापीवरचा एक घनमीटर ०.९७ प्रमाण घनमीटर भरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तेथे वातावरणाचा दाब सुमारे ०.९४८ बार असतो. त्याच ३० अंशांना तेथील मापीवरचा एक घनमीटर जेमतेम ०.९१ प्रमाण घनमीटर होतो. मापी दोन्हीकडे निर्दोष, वाचन दोन्हीकडे सारखे, तरी पुण्याच्या शेगडीत सुमारे सहा टक्के वायू कमी जळलेला असतो. कडाक्याच्या थंडीत मैदानी शहरांत याच्या उलट घडून वितरकाला तोटा होऊ शकतो.

या फरकावर उपाय अवघड नाही. ब्रिटनने १९२० च्या कायद्याने घरगुती वायूची आकारणी आकारमानाऐवजी उष्णतेच्या 'थर्म' या एककावर आणली. आज तेथील देयकावर मापीचे वाचन, १.०२२६४ हा दाब-तापमानाचा ठरावीक गुणक, त्या काळातील उष्मांकमूल्य आणि शेवटी किलोवॉट-तास अशी सर्व पायरी दिलेली असते. ग्राहक हवे तर गुणाकार स्वतः करून पाहू शकतो. तेथील हवा थंड आणि वस्ती बहुतांशी सखल, म्हणून गुणक एकाहून अधिक. पुण्यासाठी तो वरील हिशेबाने ०.९१ च्या आसपास, मुंबईसाठी ०.९७ च्या आसपास येईल. वर्षाच्या सरासरी तापमानानुसार त्यात थोडा बदल करावा लागेल. वितरक कंपनी वायू एमएमबीटीयूमध्ये विकत घेते, तेव्हा उष्मांकमूल्याची दैनंदिन नोंद तिच्याजवळ असतेच, आणि शहराची उंची बदलत नाही. घरोघरची मापी न बदलता देयकावर गुणक आणि उष्मांकमूल्य अशा दोन ओळी वाढवल्या, तरी पुण्यातील ग्राहकाला आपण कोणत्या घनमीटरचे पैसे देत आहोत हे तपासता येईल.